भिंत वाळेपर्यंत

चिंधू मिस्त्रीने भिंतीवर चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा सोलून काढला. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते.

“ताई, ओल भिंतीतच आहे. यावर थर्माकोल अन् बोर्ड ठोकला तर मागून बुरशी धरन. काकाजीच्या छातीले चालन काय ते?”

चालणार नव्हतं. म्हणून तर अपेक्षा दर शनिवारी नागपूरहून यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायची. दुर्गजवळच्या हुडको वसाहतीतलं हे घर जुनं. मागच्या खोलीची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापे, एरवी ओल धरे. तिच्या वडिलांचा, बाबारावांचा दमा वाढला होता, पण ती खोली सोडायला ते तयार नव्हते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, भिंत कोरडी झाली तरच इथे राहा. नाहीतर घराला कुलूप आणि बाबा नागपूरला.

“तुझ्या त्या फ्लॅटात मी काय करू? कबुतरं मोजू?” बाबाराव म्हणाले. “पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर जिंदगी गेली माही. मले गरमीचं नको सांगू.”

“गरमीचं नाही, ओलीचं सांगते आहे.”

“वाळन ना भीत. घाई कावून करून राहिली?”

आई गेल्यापासून ते एवढंच बोलत. आजारपणातही आईनेच खार लागलेलं जुनं प्लास्टर खरवडून चिंधूकडून नवं करून घेतलं होतं. ते झालं आणि ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही.

अपेक्षाने एकेक कारण धुंडाळलं. गच्चीवरची टाकी रिकामी करून पाहिली. शेजारच्या शकुबाईंच्या न्हाणीला दोष दिला. त्यांनी नवा पाइप बसवला आणि बोलणं बंद केलं. भिंतीबाहेरची माती उकरली, ती कोरडी निघाली. बाबा या शोधात कधी पडले नाहीत. ओट्यावर जाऊन बसत.

शेवटी संशय चिंधूवर आला.

“सिमेंटात काटकसर केली असशील.”

“केली असती तर प्लास्टर भुरभुरलं असतं, ताई. हे तर लोखंडासारखं झालं.” त्याने भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं. “मलेही समजून नाही राहिलं.”

एप्रिल लागला. बाबारावांना जेवतानाही धाप लागू लागली. अपेक्षाने मनाशी ठरवून टाकलं. या वेळी ती रात्रीच्या गाडीने निघाली आणि उजाडताना दुर्गला उतरली. बाबांचे कपडे भरायचे, कुलूप लावायचं, एवढंच काम उरलं होतं.

तिने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. मागच्या खोलीत दिवा लागलेला होता.

बाबाराव भिंतीसमोर उभे होते. हातात मग, पायाशी बादली. भिंतीच्या कडेला जुनी चादर गुंडाळून ठेवलेली, पाणी फरशीवर पसरू नये म्हणून. एक मग मारायचा, थांबून दम घ्यायचा, मग दुसरा. एकही कोपरा कोरडा राहू नये असं ते बघत होते.

“बाबा, काय करून राहिले तुम्ही?”

ते दचकले नाहीत. हातातला मग बादलीत ठेवून त्यांनी श्वास सापडू दिला.

“पाणी मारून राहिलो, बाई. ‘नवं प्लास्टर आहे, मी बस म्हणेपर्यंत रोज पाणी मारत राहा,’ असं सांगून गेली ना तुझी आई दवाखान्यात.”