कवठाची आंघोळ

बहात्तरच्या मार्गशीर्षात कळंबच्या महांतप्पांनी सकाळी फोटो स्टुडिओ उघडला, बारदानावर तीन कवठं मांडली आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. लग्नं थांबल्यापासून गिऱ्हाईक नव्हतं. सहकारी संघाला दिनदर्शिकेसाठी दुष्काळातही धरलेल्या फळाचा फोटो हवा होता. तो पसंत पडला, तरच स्टुडिओ चालणार होता. फिल्म एका फोटोपुरतीच उरली होती. कवठं निस्तेज दिसत होती. त्यांच्यावर शिंपडायला महांतप्पांनी घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं, तेवढ्यात बायको लक्ष्मम्मा दारात आली. “अहो, पोरं बिनआंघोळीची शाळंत गेली, अन् कवठांना न्हाऊ घालताय व्हय?” “चमक यायला पायजे.” “कवठ कधी चमकलंय? पाण्यावाचून तगलंय, तसंच दिसू द्या की.” महांतप्पा थबकले. त्यांनी पाणी परत घागरीत ओतलं आणि खिडकीची एकच झडप उघडली. तिरप्या उन्हात खरखरीत सालीचा कणन्‌कण उठून दिसला. महांतप्पांनी बटण दाबलं.