टेबलं वाजतात

शहराला लागून असलेल्या वाडी गावात, एका गोदामाच्या वर आमचं ऑफिस आहे. ट्रकवाल्यांना मोबाइलवर भाडं मिळवून देणारी छोटी कंपनी. कोणी नोकरी सोडून निघालं की तो दाराबाहेर पडेपर्यंत आम्ही सगळे टेबल वाजवायचो. ही रीत सुशीलदादाची. कंपनीही त्यानेच काढलेली.

दिवाळीनंतर पैसे लावणाऱ्यांनी सुशीलदादाला घालवलं आणि नवा साहेब आणला. त्याने आल्या आल्या खिडकीकडची अख्खी रांग कामावरून काढली. माणसं खोक्यात सामान भरून निघाली. आम्ही माना खाली घालून बसलो. एकही टेबल वाजलं नाही.

तेव्हापासून त्या रांगेतली रिकामी टेबलं आपोआप वाजतात. ती वाजली की साहेब कोणाला तरी केबिनमध्ये बोलावतो, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

आज माझंच टेबल वाजू लागलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. शेजारची भावना धावली, आवाज थांबवायला तिने तळहात टेबलावर दाबून धरला.

आवाज थांबला.

"श्वेता," ती कुजबुजली, "खालून कोणी माहा हात धरला वं. सोडूनच नाही राहिलं."

केबिनचं दार उघडलं. साहेबाने भावनाचं नाव घेतलं.