राखणीची बॅटरी
भाताच्या राखणीसाठी बॅटरी घ्यायला महादू बायकोला घेऊन टोकावड्याच्या दुकानात आला. दुकानदाराने एक लहान, एक मोठी एलईडी दाखवली. महादूने दोन्ही पोत्यांमागच्या अंधारात मारून पाहिल्या. "लहानच बरी. रानडुकरांना पुरते, खिशात मावते." बायको बाहेर पडली, रस्ता ओलांडून एसटी थांब्यामागच्या चिंचेखाली उभी राहिली आणि ओरडली, "आता माझ्याकडं धरा!" त्याने लहान धरली. तिने हातानेच नाही म्हटलं. मोठी धरताच हसत परत आली. "ही घ्या." "अगो, हिला वजन केवढं! डुकरं लहानीलापण घाबरतात." "डुकरांचं कोण बोलतंय? तुमी शेतातल्या माळ्यावर, मी अंगणात. तुमची बॅटरी हलताना दिसली, की मंग मला झोप लागते." महादूने लहान बॅटरी ठेवून दिली. दुकानदाराला म्हणाला, "मोठ्या दोन दे. माळ्यावरनं मलापण अंगण दिसलं पायजे."