पांढरी फीत

चर्चमध्ये नव्याने येणाऱ्याच्या खांद्याशी पांढरी फीत टाचायची, म्हणजे लोक आपणहून त्याच्याशी बोलतात. फिती आजी घरी कापायच्या आणि प्रत्येकीवर हात ठेवून म्हणायच्या, "प्रभू, ही ज्याला लागेल त्याला एकटं वाटू देऊ नकोस." रविवारी दारात उभ्या राहून त्याच टाचायच्या; फितींचा डबा चर्चमध्येच ठेवलेला असायचा. प्रार्थना सुरू झाली की जो तो आपल्या माणसांत बसायचा. आजी दाराजवळच्या बाकावर एकट्याच. मग त्यांचा पाय मोडला. दाराचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि आजींच्या घराकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. हाड जुळल्यावर काठी टेकत त्या आल्या. दारात कुणी अनोळखी मुलगी होती, हातात आजींचाच फितींचा डबा. "आजी, पहिल्यांदाच येताय का?" तिने विचारलं. 'अगं, हा डबा माझा,' आजींच्या ओठांवर आलं. पण त्यांनी खांदा पुढे केला. "हो. ओळखीचं कुणीच नाही."