रोममधला फोटो

रोमचा व्हिसा नाकारला गेला, म्हणून सोफियानं वसईहून आलेल्या ब्रिजिटआजीला दुबईतल्या नव्या मॉलमध्ये नेलं. हुबेहूब इटलीसारखा बांधलेला; कमानी, रंगीत खिडक्या, वर खोटं आकाश. आजीनं चर्चमध्ये शिरल्यागत डोक्यावर पदर घेतला आणि पर्समधून आजोबांचा फोटो काढला. दुबईत नोकरीला असताना त्यांनी तो गावी पाठवला होता: कोटातले आजोबा, मागे रोमचं चर्च. "पुढच्या खेपेला तुला नेतो, इन्शाल्ला," म्हणायचे. नेण्याआधीच गेले. "आजी, सेंटरला ये ना!" कॅमेरा रोखत सोफिया म्हणाली. आजी उजवी बाजू सोडेना. "हा फोटो उलटून बघ." फोटोच्या पाठीवर दुबईतल्याच 'बर दुबई' भागातल्या स्टुडिओचा शिक्का होता. "म्हणजे मागे रंगवलेला पडदा? तुला ठाऊक होतं?" "पहिल्यापासून. पण ते उभे कुठे आहेत बघ. डावीकडे, माझी जागा मोकळी ठेवून. मग मी त्यांची ठेवायला नको?"