खरा फोटो

फिन्टनने फलक उचलून उभा केला आणि डिंफनाने नजर वळवली.

"ताई, आता तोंड पाडू नकोस," फिन्टन म्हणाला. "काल तूच हो म्हणालीस."

म्हणाली होती खरी. मतदानाला आठवडा उरला होता. गर्भपाताला कायद्याने मोकळीक द्यायची की नाही, हे आता अख्खं आयर्लंड ठरवणार होतं, आणि 'नको' म्हणणारे आपण हरतोय हे डिंफनाला कळून चुकलं होतं. महिनाभर ती प्रसूती रुग्णालयाच्या फाटकासमोर घडीची खुर्ची टाकून बसत होती. हातात जपमाळ, पायाशी चहाचा थर्मास. कुणाला अडवायचं नाही, कुणाला पापी म्हणायचं नाही. एखादी पोर आपणहून थांबली तर चहा द्यायचा, ऐकून घ्यायचं. एकीला तर तिने घरचा पाळणा नेऊन दिला होता.

"तुझ्या चहाने एक तरी मत फिरलं का गं?" काल तिच्या स्वयंपाकघरात बसून धाकट्या भावाने एक फोटो पुढे सरकवत विचारलं होतं. "हा फोटो खरा आहे. खऱ्याला कसली लाज?"

"पोरं बघतील रे, फिन्टन."

"उद्या शनिवार. शाळा बंद. कुठली आलीयत पोरं?"

हरण्याची धास्तीच अशी की ती हो म्हणाली.

आणि आता तो फोटो माणसाच्या उंचीचा होऊन रुग्णालयाच्या फाटकासमोर उभा होता. इवलंसं बाळ, रक्ताळलेलं, तुटलेलं. डिंफनाला खुर्चीत बसवेना. ती उठायची, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायची, परत टेकायची. जपाचे मणी सरकत होते, पण प्रार्थना कुठवर आली याचा पत्ता नव्हता. एक पोटुशी बाई मान फिरवून पलीकडच्या फुटपाथवर गेली. गाडीतून कुणीतरी आयमाय काढली.

"बघतायत ना? झालं तर!" फिन्टन खूश होता.

तेवढ्यात कोपऱ्यावर एक गाडी थांबली. मागचं दार उघडलं आणि पांढरा झगा, डोक्यावर जाळीचा पदर घेतलेली सात-आठ वर्षांची पोरगी उडी मारून बाहेर आली.

अगं आई गं! मे महिन्यातला शनिवार! गावोगावी पोरांचं पहिलं कम्युनियन, सकाळी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभूचा प्रसाद घ्यायचा आणि मग दिवसभर नातेवाइकांना झगा दाखवत फिरायचं. जन्मभर रविवारचं चर्च न चुकवलेल्या बाईला हे आठवू नये? डिंफनाने अंगातला कोट ओरबाडून काढला आणि धावली. वाऱ्याने कोट एकदा तिच्याच तोंडावर आणला. फलकावर तो पडेपर्यंत पोरगी समोर येऊन उभी राहिली होती.

"आजी, काढा ना तो कोट," ती म्हणाली. "मला बघायचंय."

"नको गं राणी. जा, तुझ्या बाबांकडे जा."

पोरगी हलली नाही. तिने मान वर करून फिन्टनकडे पाहिलं.

"काका, हा आमचा लॉर्कन आहे का?"

"कोण?"

"माझा भाऊ. मंगळवारी झाला, आणि लगेच देवाकडे गेला. आई अजून आतच आहे. मला ना, कुणी त्याला दाखवलंच नाही." तिने कोटाचं टोक धरलं. "हाच आहे का?"

मागून तिचा बाप धावत आला. हातात फुलं. काय झालंय ते त्याला एका नजरेत कळलं. तो कुणाला मारणार की खाली बसणार, डिंफनाला समजेना.

फिन्टनने दोन्ही हातांनी कोट फोटोवर दाबून धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "खोटा फोटो आहे तो. हा... हा कुणीच नाही."