एकच फेरी

टीव्हीच्या पडद्यावर लाल बस उभी राहिली आणि भागवत खुर्चीतून उठला.

"मी दूध घेऊन येतो," तो म्हणाला.

"दूध सकाळीच आणलं तुम्ही." सुचितानं गेमचा रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "बसा ना. एकच फेरी."

भागवत बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

बारा वर्षं त्यानं बुलढाणा-मोताळा बस चालवली होती. पाच महिन्यांपूर्वी राजूर घाट उतरताना वळणावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, चांगली घोड्याएवढी. भागवतनं बस दरीकडं जाऊ दिली नाही, डोंगराला घासत उभी केली. आत एकवीस माणसं होती. सुचिताही होती, दाढ दाखवून परत येत होती. कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. भागवतचा खांदा तेवढा निखळला आणि सुचितानंच पदर खोचून त्याला दवाखान्यात नेलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. खांदा दोन महिन्यांत बरा झाला. पण कामावर जायचा दिवस आला की तो रजा वाढवायचा.

सुचिता घराजवळच्याच पंचायत समितीत कॉम्प्युटरवर काम करायची. तिच्या भावानं, चंद्रशेखरनं, स्वतःचं जुनं गेमचं मशीन तिला देऊन टाकलं होतं. ऑफिसातून आली, चहा झाला, की ती खेळायला बसायची. भागवत नुसता बघायचा. रिमोट पुढं केला तर मान हलवायचा. मग ती त्याला बघायला आवडतील असे गेम शोधू लागली.

पहिला बंदुकांचा लावला. भागवत पाच मिनिटांत अंगणात गेला. दुसरा कोड्यांचा होता, त्यात तो घोरायला लागला. तिसरा हॉटेलचा. आचाऱ्यानं धावत-पळत ऑर्डरी पुऱ्या करायच्या. सुचितानं तीनदा स्वयंपाकघर पेटवलं आणि भागवत पोट धरून हसला. "सात वर्षं झाली मी तुह्या हातचं खाऊन राह्यलो. त्या गिऱ्हाइकाइले काय होऊन राह्यलं असन, मलेच मालूम!"

मग शेतीचा गेम आला, तेव्हा भागवतचे वडील उकंडरावही खाट ओढून बसले. सुचितानं मातीत सरकी टोबली आणि तीन मिनिटांत कापूस फुटला.

"बोंडअळी कधी येते याच्यात?" उकंडरावांनी विचारलं.

"नाही येत मामाजी."

"मंग हे वावर आपल्याले देऊन टाक म्हणा."

घर पुन्हा हसतं झालं होतं. भागवतला एकच गोष्ट टोचायची. सुचिता पाच महिन्यांत एकदाही माहेरी, वरवट बकालला गेली नव्हती. तो जा म्हणायचा. ती म्हणायची, "तुम्हाले असं टाकून कशी जाऊ?" आपल्यामुळं हिचं माहेर सुटलं, असं त्याला वाटायचं.

आणि आज तिनं हा बसचा गेम लावला होता.

बस घाटाच्या तोंडाशी आली. सुचितानं ती तशीच सोडली. पहिल्याच वळणावर कठड्याला धडकली. तिनं पुन्हा सुरू केली. पुन्हा धडकली.

"न्यूट्रल काऊन केली?" दारातून आवाज आला.

"उतारच तं हाय."

"अवं, लोकाइचा जीव घेशीन! गिअर टाक. दुसरा. आता ब्रेक... दाबून नको धरू वं, सोड, पुन्हा दाब!"

तिसऱ्यांदा बस कठडा तोडून खाली गेली. भागवत तरातरा आत आला आणि त्यानं हात पुढं केला.

"आण इकडं."

तो सतरंजीवर बसला. सुचिता त्याच्या मागं खाटेवर सरकली. भागवतनं बस दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि हळू सोडली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. वळणाबरोबर त्याचं अंगही कलत होतं. मध्यावर रस्त्यात एक गाय उभी दिसली. त्यानं वेग कमी केला, बस थांबवली. गाय शेपटी हलवत उभीच. भागवत थांबून राहिला. कपाळावर घाम आला होता. शेवटी गाय बाजूला झाली आणि बस पुढं निघाली.

खाली स्टँडवर दार उघडलं. चित्रातले प्रवासी एकेक करून उतरले.

"पोचली!" भागवत ओरडला. "पाह्यलं का बाबा, पोचली!" स्वयंपाकघरातून उकंडराव काय झालं म्हणून डोकावले.

भागवतला हसू आवरेना. "उद्या डेपोत जातो," तो म्हणाला. "बस झाली रजा. सोमवारपासून ड्युटी." मग तो मागं वळला. "लय हुशार हायेस तू! मले कामावर धाडासाठीच लावला ना हा गेम?"

सुचितानं खाटेची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बोटं पांढरी पडली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

"बाकीचे सारे तुमच्यासाठी लावले," ती म्हणाली. "हा माह्यासाठी होता. त्या दिवसापासून बसमधी पाय ठेवाची माही हिंमतच नाही झाली. मले एकदा पाहाचं होतं, बस खाली पोचते म्हणून."